वाचकांचे प्रश्न : कोंबड्यांची गादी, पावसाळा आणि जिवाणू

पावसाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच तक्रार फिरून फिरून येते. गादी (शेडच्या जमिनीवर पसरलेला तुसाचा किंवा भुशाचा थर) ओली झाली, वास मारतेय, पक्षी आजारी पडताहेत. यंदाच्या पत्रांत आणखी एक प्रश्न जोडलेला आहे : हे जिवाणू येतात तरी कुठून, आणि मारायचे कसे? मारण्याआधी ते तिथे का टिकले, हे पाहायला हवं असं आमचं ठाम मत आहे, आणि पुढची बहुतेक उत्तरं त्याच वाटेने जातात.

प्रश्न : मी मुलुंडला राहतो. मुरबाडजवळ 2000 चौरस फुटांचं उघड्या बाजूंचं शेड आहे, त्यात 2000 ब्रॉयलर. भाताच्या तुसाची दोन इंच गादी, पाणी बेल ड्रिंकरने, म्हणजे टांगलेल्या घंटेच्या आकाराच्या भांड्यांतून. जुलैपासून प्रत्येक बॅचला चौथ्या आठवड्यात पक्षी घुरघुरायला लागतात. मेलेला पक्षी उघडला की हृदयावर आणि यकृतावर पिवळट पांढरा पापुद्रा दिसतो. डॉक्टर ई. कोलाय सांगतात. औषध दिलं की मर थांबते, पुढच्या बॅचला पुन्हा तेच. उन्हाळ्यात याच शेडमध्ये, याच कंपनीच्या पिल्लांना काही होत नाही. मग पावसाळ्यात हा जिवाणू कुठून येतो?

उत्तर : तो बाहेरून येत नाही. ई. कोलाय प्रत्येक कोंबडीच्या आतड्यात असतो, एप्रिलमध्येही होता. बदलली ती गादी.

आधी पाण्याचा हिशोब करा. पाचव्या आठवड्यातले 1000 ब्रॉयलर दिवसाला साधारण 300 लिटर पाणी पितात, म्हणजे तुमच्या शेडमध्ये रोज 600 लिटर जातं. यातलं थोडंच अंगात राहतं. बाकीचं श्वासातून आणि विष्ठेतून बाहेर येतं. ताज्या विष्ठेत तीन चतुर्थांशांहून जास्त पाणीच असतं. उन्हाळ्यात शेडमधून वाहणारा कोरडा वारा हे पाणी उचलून नेतो. जुलैत बाहेरची हवाच 85 ते 90 टक्के आर्द्रतेची. ती आणखी पाणी उचलणार किती? वर झड आत येऊ नये म्हणून पडदे पूर्ण पाडलेले असतात. मग ते पाणी दोन इंच तुसात मुरतं.

आता गादीत कोण राहतं ते पाहा. आतड्यातले जिवाणू उबेला, ओलाव्याला आणि प्राणवायू नसण्याला सरावलेले. कोरड्या गादीवर पडले की त्यांची संख्या घटू लागते आणि त्यांची जागा कोरड्या, खारट, अल्कधर्मी (आम्लाच्या उलट) जागेत तग धरणारी जमात घेते : स्टॅफिलोकॉकसच्या काही जाती, ब्रेव्हिबॅक्टेरियम, कॉरिनेबॅक्टेरियम. यातले बहुतेक पक्ष्याला त्रास देत नाहीत. गादी ओली राहिली तर ही अदलाबदल होतच नाही. वरच्या थरात ई. कोलाय टिकून राहतो आणि खाली, जिथे हवा पोचत नाही तिथे, क्लॉस्ट्रिडियमसारख्यांना मोकळं रान मिळतं.

पण नुसत्या ई. कोलायच्या संख्येने तुमचे पक्षी मरत नाहीत. मधला दुवा अमोनियाचा आहे. कोंबडीच्या विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल. गादीतले काही जिवाणू ते फोडून त्याचं युरिया आणि युरियाचं अमोनिया करतात. या कामाला ओलावा, ऊब आणि अल्कधर्मी गादी लागते, आणि ही तिन्ही ओल्या गादीत हजर असतात. पक्ष्याच्या श्वासनळीत आतून बारीक केसांसारखे तंतू असतात, ते धूळ आणि जिवाणू सतत वर ढकलत असतात. अमोनिया 25 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग) वर बरेच दिवस राहिला की हे तंतू लुळे पडतात, झडतात. मग धुळीबरोबर आत गेलेला ई. कोलाय थेट हवेच्या पिशव्यांपर्यंत पोचतो आणि तिथून हृदयावर, यकृतावर. चौथाच आठवडा का, तर तोवर विष्ठेचा साठा आणि पक्ष्यांचं वजन दोन्ही गादीला झेपेनासं होतं. औषधाने तुम्ही या साखळीतली शेवटची कडी तोडता, पहिली तशीच राहते. शिवाय औषध पचवलेले जिवाणू त्याच गादीत पडून राहतात आणि पुढच्या वेळी तेच औषध कमी चालतं. अन्न देणाऱ्या जनावरांत आणि कोंबड्यांत कोलिस्टिन हे प्रतिजैविक वापरायला केंद्र सरकारने 2019 साली बंदी घातली ती याच धास्तीने. कोणी ते अजून सुचवत असेल तर ऐकू नका.

करायचं काय, तर सर्वात आधी पाण्याची भांडी. बेल ड्रिंकरची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला हवी, आणि ती दर दोन-तीन दिवसांनी वर घ्यावी लागते. खाली राहिली की पक्षी चोच बुडवून पाणी उडवतात. भांड्यात वजन भरलेलं नसेल तर धक्क्याने ते हलतं आणि सांडतं. जमलं तर निपलवर जा, म्हणजे चोचीने दाबलं की थेंब सोडणाऱ्या नळीवरच्या तोट्यांवर. 10 ते 12 पक्ष्यांमागे एक निपल धरलं तर तुम्हाला 170 ते 200 निपल लागतील. निपल लावूनही गादी ओली राहते अशी तक्रार आम्हाला बरेचदा ऐकू येते. तिचं कारण बहुतेक वेळा दाब असतो. एका निपलखाली मोजपात्र धरून एक मिनिट पाणी सोडा. वयाचे आठवडे गुणिले 7, अधिक 20, इतके मिलीलिटर पुरेत. पाचव्या आठवड्यात 55. याच्या दुप्पट येत असेल तर निम्मं गादीत चाललंय. मोठ्या पक्ष्याने मान ताणून, चोच वर करून प्यायला हवं, टाचा मात्र जमिनीला टेकलेल्या.

मग हवा. पडदा नेहमी वरून खाली उघडणारा असावा, खालून वर नाही. झड असतानाही वरचा एक-दीड फूट पट्टा उघडा राहिलाच पाहिजे. हे जमत नसेल तर दोष पडद्यात नाही, छपरात आहे : वळचण भिंतीच्या बाहेर तीन-चार फूट काढा म्हणजे पागोळ्या आणि झड दोन्ही बाहेर राहतील. हवा थोडी तापवणंही कामाला येतं. 26 अंशांची 90 टक्के आर्द्रतेची हवा 31 अंशांपर्यंत नेली तर तिची आर्द्रता 67 टक्क्यांच्या आसपास उतरते आणि ती पुन्हा पाणी उचलू लागते. ब्रूडिंगचे (पिल्लांना ऊब देण्याचे) दिवस संपले म्हणून पावसाळ्यात हीटर लगेच गुंडाळून ठेवू नका. तापवलेली हवा बाहेर मात्र पडली पाहिजे, नाहीतर ते पाणी रात्री परत गादीवरच बसेल.

गादी पावसाळ्यात तीन ते चार इंच घाला. तुमच्या शेडला एक इंच वाढवायला साधारण 450 ते 500 किलो तूस लागेल. दुसऱ्या आठवड्यापासून एक दिवसाआड, दुपारी, पडदे उघडे ठेवून दाताळ्याने हलवा. पापडी धरण्याआधी हलवली तर फायदा होतो. एकदा जाड पापडी धरली की ती फोडून खाली मिसळू नका, कारण दबलेला अमोनिया एकदम सुटतो आणि ओलावा सगळीकडे पसरतो. पापडी फावड्याने उचलून घमेल्यातून बाहेर न्या आणि त्या जागी कोरडा तूस टाका.

गादीचा ओलावा 20 ते 30 टक्क्यांत हवा. मूठभर घेऊन आवळा. गोळा होऊन तसाच राहिला तर ओली. गोळा होऊन हात उघडताच भुगा झाला तर ठीक. गोळाच होत नसेल आणि धूळ उडत असेल तर फार कोरडी, आणि ती धूळही श्वासातून जिवाणू नेते. पक्की खात्री करायची असेल तर 100 ग्रॅम गादी मोजून उन्हात किंवा मंद आचेच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत सुकवा. 68 ग्रॅम उरली तर ओलावा 32 टक्के.

खाद्याकडेही एक नजर टाका. मीठ जास्त झालं किंवा प्रथिनं गरजेपेक्षा वाढली की पक्षी जास्त पाणी पितात आणि पातळ शिटतात. सगळं नीट करूनही गादी ओली राहत असेल तेव्हा खाद्य तपासायला द्या.

प्रश्न : गोराईला घरामागे पत्र्याची खोली आहे, त्यात 60 गावरान कोंबड्या. खाली मातीच आहे, वर समुद्राची वाळू पसरतो, कारण ती फुकट मिळते. सकाळी दार उघडलं की डोळ्यांतून पाणी येतं.

उत्तर : वाळू आजच काढा. समुद्राच्या वाळूतलं मीठ हवेची आर्द्रता पाऊणशे टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि गोराईला पावसाळ्यात ती दिवसरात्र त्याच्या वर असते. म्हणजे कोंबडी शिटण्याआधीच गादी ओली. किनाऱ्यावरून वाळू उचलणं कायद्याने चालतही नाही.

दुसरं पाणी खालून येतं. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर चढतं आणि माती ते धरून ठेवते. जोतं दीड-दोन फूट उचलून वर कोबा करणं हा खरा इलाज. तोवर माती चोपून सपाट करा, जाड प्लास्टिकचा कागद एकावर एक चढवून अंथरा, त्यावर चार इंच तूस. 150 चौरस फुटांला 140 ते 150 किलो पुरेल. लाकडाचा भुसा मिळाला तर रंध्याच्या जाड सालपटांचा घ्या. करवतीचा बारीक भुसा नको, कोंबड्या तो खातात आणि तो चटकन चिकटतो. शेंगांची टरफलं स्वस्त मिळतात, पण दमट जागेत त्यांच्यावर बुरशी धरते आणि पिल्लांच्या फुप्फुसात जाते.

तिसरं पाणी वरून. पत्रा रात्री गार होतो, आतल्या कोंबड्यांच्या श्वासाची वाफ त्याला लागून थेंब पडतात. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये सहा इंच मोकळे ठेवून जाळी लावा.

गावरान कोंबड्या रात्री दांडीवर बसतात आणि रात्रभराची विष्ठा दांडीखालीच पडते. तिथे फळी ठेवा, सकाळी खरवडून बाहेर टाका. एवढ्या एका सवयीने गादीवरचा भार पुष्कळ हलका होतो, आणि तिला खर्च काहीच नाही. वास घ्यायचा तो दार उघडल्याबरोबर, वाकून, कोंबडीच्या उंचीवर. पाच मिनिटांनी नाक सरावतं आणि फसवतं. डोळे चुरचुरत असतील तर अमोनिया कोंबड्यांना आधीपासूनच बाधतो आहे.

प्रश्न : गादीवर आठवड्यातून एकदा जंतुनाशक फवारतो. चालेल ना? (बदलापूर)

उत्तर : नको. क्लोरीन, आयोडीन किंवा इतर नेहमीची जंतुनाशकं विष्ठेशी आणि तुसाशी भिडताच निकामी होतात. वरच्या एका थरात थोडे जिवाणू मरतात, खाली कोट्यवधी तसेच राहतात आणि तुम्ही गादीत काही लिटर पाणी ओतलेलं असतं. जंतुनाशकाची जागा बॅच संपल्यावर, रिकाम्या आणि धुतलेल्या शेडमध्ये. क्रम असा : आधी गादी पूर्ण उचलणं, झाडून धूळ काढणं, साबणाच्या पाण्याने घासणं, स्वच्छ पाण्याने धुणं, सुकवणं, आणि मगच जंतुनाशक. सुकवणं वगळलं तर फरशीवरच्या पाण्याने औषध पातळ होतं. ओल्या फरशीवर तूस पसरण्याची घाई कधीच करू नका, तळाला बुरशी धरते. दोन बॅचमध्ये चौदा दिवस मोकळे ठेवता आले तर उत्तम.

प्रश्न : आमच्याकडे वास आला की चुना मारतात. वसईचे एक शेडवाले म्हणतात तुरटी मारा. बरोबर कोण? (दहिसर)

उत्तर : प्रश्न आम्लतेचा आहे. तो पीएचमध्ये मोजतात : 7च्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी. जुन्या गादीचा पीएच 8 ते 9 असतो. या पातळीला अमोनिया वायू होऊन वर येतो. पीएच 7च्या खाली नेला तर तो अमोनियमच्या रूपात गादीतच अडकून राहतो आणि युरिक आम्ल फोडणाऱ्या जिवाणूंचं कामही मंदावतं. चुना पीएच वर नेतो. म्हणजे ओल्या, वास येणाऱ्या गादीवर, पक्षी आत असताना चुना टाकला की साठलेला अमोनिया त्याच तासाला सुटतो. नाकाला चुन्याचा वास येतो म्हणून माणसाला बरं वाटतं, पक्ष्याला नाही.

चुन्याला जागा आहे. विझवलेला चुना रिकाम्या फरशीवर, तूस पसरण्यापूर्वी, किंवा कोरड्या गादीत ओल धरू नये म्हणून 10 चौरस मीटरला एक किलोच्या बेताने मिसळून. कळीचा चुना पक्ष्यांच्या जवळ नको, पाय आणि डोळे भाजतात.

तुरटी म्हणताना पाणी शुद्ध करायला वापरतात ती ॲल्युमिनियम सल्फेटची पावडर घ्या. प्रमाण चौरस मीटरला पाव ते अर्धा किलो. पिल्लं येण्याच्या आधी जुन्या गादीवर पसरून वरच्या थरात मिसळायची. परिणाम तीन-चार आठवडे टिकतो. आम्ल गादीत कॅम्पिलोबॅक्टर (चिकनमधून माणसाला जुलाब करणारा जिवाणू) हाही कमी होतो. टाकताना नाक-तोंड झाका, हातमोजे घाला. वसईच्या शेडवाल्यांचं बरोबर आहे, फक्त नव्या कोऱ्या तुसावर तुरटी टाकून पैसे घालवू नका, तिथे अजून अडवायला अमोनियाच नसतो.

प्रश्न : एक बॅच गेल्यावर गादी काढून टाकावी की पुन्हा वापरावी? जुन्या गादीत जास्त जंतू असणारच ना? (पनवेल)

उत्तर : जिवाणू जास्त असतात, पण रोगकारक जास्त असतातच असं नाही. साल्मोनेला (पक्ष्यांना आणि माणसालाही आजारी पाडणारा आतड्याचा जिवाणू) कोऱ्या गादीपेक्षा नीट कोरड्या राखलेल्या जुन्या गादीत लवकर मरतो, हे 1970च्या दशकापासून माहीत आहे. जुन्या गादीत अमोनिया, चढा पीएच आणि कमी उपलब्ध पाणी असतं, शिवाय जागा आधीच अडवून बसलेले इतर जिवाणू असतात. कोरा तूस म्हणजे रिकामी चाळ, जो आधी येईल त्याचं बिऱ्हाड. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली 32-33 अंश ऊब आणि भांड्याभोवती सांडलेलं पाणी असतं, आणि पिल्लाच्या आतड्यात अजून कोणी स्थिरावलेलं नसतं. त्या वेळी मोजके साल्मोनेलाही पुरतात. म्हणून नव्या गादीवर पहिले सात दिवस भांड्याभोवतीचा ओला तूस दिवसातून दोनदा बदलणं हे आम्ही बाकी सगळ्या उपायांच्या वर ठेवतो.

पण जो अमोनिया साल्मोनेलाला मारतो तोच पिल्लाची श्वासनळी जाळतो. त्यामुळे पुन्हा वापरायची तर अशी : पापडी आणि ओले भाग काढून टाका. उरलेली गादी शेडच्या लांबीने दोन-तीन फूट उंच वरंब्यात ओढा. दोन-तीन दिवसांत आत 55 अंशांच्या वर ऊब यायला हवी. लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसून पाहा. आली नाही तर गादी फार कोरडी आहे, थोडं पाणी शिंपडा. चार-पाच दिवसांनी वरंबा उलटा म्हणजे बाहेरचा गार भाग आत जाईल. दहा-बारा दिवसांनी पसरा आणि पिल्लं येण्याआधी किमान चार दिवस पडदे उघडे टाकून अमोनिया जाऊ द्या. ब्रूडिंगच्या जागेवर एक-दोन इंच नवा तूस. या उष्णतेत ई. कोलाय, साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर मरतात. क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू मरत नाहीत.

आधीच्या बॅचला गंबोरो, मरेक, रक्ती हगवण किंवा आतड्याचा क्लॉस्ट्रिडियमचा आजार येऊन गेला असेल तर ती गादी बाहेरच. काळे बारीक भुंगेरे दिसत असतील तरीही बाहेर, ते साल्मोनेला एका बॅचमधून दुसरीत नेतात. आणि पनवेलच्या पावसात, जून ते सप्टेंबर, उघड्या शेडमध्ये आम्ही पुनर्वापर सुचवणार नाही. ओल्या जुन्या गादीत वर सांगितलेला एकही फायदा उरत नाही.

प्रश्न : मी परळला पशुवैद्यकाचं पदव्युत्तर शिक्षण घेते. उघड्या बाजूंचं शेड आणि पंखे-कूलिंग पॅड असलेलं बंद शेड, या दोन्हींतल्या गादीतले जिवाणू ताडून पाहायचे आहेत. नमुना कसा घ्यावा? एका शेडमधून एक पिशवी पुरेल का?

उत्तर : पुरणार नाही. एकाच शेडमध्ये दोन हातांवरच्या गाद्या दोन वेगळ्या जगांसारख्या असतात. भांड्याखालची गादी 45 टक्के ओली आणि भिंतीलगतची 18 टक्के, असं सहज होतं. दोन्ही एका पिशवीत मिसळल्या तर सरासरी मिळेल, जी प्रत्यक्ष शेडमध्ये कुठेच नाही. बंद शेडमध्ये तर लांबीच्या दिशेनेही फरक पडतो : पॅडच्या टोकाला हवा दमट आणि गार, पंख्याच्या टोकाला उबदार आणि अमोनियाने भरलेली.

शेडच्या लांबीचे तीन भाग करा. प्रत्येक भागात पाण्याची ओळ, खाद्याची ओळ आणि भिंत वेगळी धरा. प्रत्येक गटात दहा जागांवरून 25 ते 50 ग्रॅम गादी उचला, वरचे 2-3 सेंटिमीटर आणि तळ वेगवेगळ्या पिशव्यांत. निर्जंतुक चमचा आणि हातमोजे गटागणिक बदला. मिसळून चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, असं करत 200-250 ग्रॅम उरवा. बर्फाच्या डब्यातून 4 अंशांना न्या, गोठवू नका, आणि 24 तासांच्या आत कामाला लागा. कॅम्पिलोबॅक्टर हवेने आणि कोरडेपणाने पटकन मरतो. त्याच्यासाठी वाहक माध्यम वेगळं न्या, नाहीतर «आढळला नाही» असा निकाल येईल आणि तो प्रवासात मेलेला असेल. साल्मोनेला नुसता आहे की नाही एवढंच पाहायचं असेल तर बुटांवर कापडी मोजे चढवून शेडभर चालणं जास्त फळ देतं.

त्याच नमुन्यातून तीन आकडे काढल्याशिवाय जिवाणूंच्या यादीला अर्थ नाही. ओलावा : 105 अंशांना 24 तास. पीएच : 10 ग्रॅम गादी 50 मिलीलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळून. आणि वॉटर ॲक्टिव्हिटी, म्हणजे जिवाणूला खरोखर वापरता येणारं पाणी, शुद्ध पाण्यासाठी 1. साल्मोनेलाला वाढायला ती साधारण 0.93च्या वर लागते. 0.84च्या खाली तो हळूहळू संपत जातो. मधल्या पट्ट्यात तो वाढत नाही, पण टिकतो. मुंबईच्या पावसाळ्याचं दुखणं इथे आकड्यात दिसतं : 90 टक्के आर्द्रतेच्या हवेत उघडी गादी कितीही हलवली तरी 0.90च्या खाली उतरत नाही. उघड्या आणि बंद शेडमधला तुमचा सर्वात मोठा फरक बहुधा इथेच सापडेल, म्हणून हे मोजमाप टाळू नका.

मोजणी कोरड्या वजनावर मांडा. 40 टक्के ओल्या गादीत ग्रॅमला 10 लाख आले तर कोरड्या ग्रॅमला ते सुमारे 16.7 लाख होतात. ओल्या वजनावर मांडलं की ओली गादी खोटीच स्वच्छ दिसते. डीएनएवरून ओळख पटवणार असाल तर गादीतल्या बहुसंख्य जिवाणूंची भिंत जाड असते, काचेच्या मण्यांनी घुसळून ती फोडावी लागते, नाहीतर लॅक्टोबॅसिलस, स्टॅफिलोकॉकस यादीत कमी दिसतील. डीएनए मेलेल्या जिवाणूचाही येतो, म्हणून थोडं तरी माध्यमावर वाढवून पाहणं सोबत ठेवा. पक्ष्यांचं वय, घनता, तूस की भुसा, गादी कितव्या बॅचची आणि कोणती औषधं दिली, हे त्याच दिवशी लिहून घ्या. वय जुळलं नाही तर शेडचा फरक आणि वयाचा फरक वेगळा काढता येणार नाही.

प्रश्न : कुर्ल्यात चिकनचं दुकान आहे. गादी नाही, पिंजरे आहेत. आम्हाला हे लागू आहे का? (कुर्ला)

उत्तर : ओलावा लागू आहेच. खालच्या पिंजऱ्यावर वरची विष्ठा पडू नये म्हणून मधे सलग ट्रे हवा. ट्रे आधी कोरडा खरवडा, मग धुवा. थेट पाण्याचा जोर मारला की विष्ठेचे तुषार पक्ष्यांवर, ठोकळ्यावर आणि तुमच्या तोंडावर उडतात. प्लास्टिकचे क्रेट धुऊन ओलेच एकावर एक रचू नका. त्या ओलीत कॅम्पिलोबॅक्टर दुसऱ्या दिवसाच्या पक्ष्यांपर्यंत जिवंत पोचतो. क्रेट उभे करून, मधे अंतर ठेवून सुकवा.

प्रश्न : बोरिवलीत सोसायटीच्या गच्चीवर पालक, मेथी, टोमॅटो लावतो. एका शेडवाल्याकडून गादीचं खत फुकट मिळतंय. थेट कुंड्यांत घालू का?

उत्तर : थेट नाही, आणि पालक-मेथीला तर अजिबात नाही. कच्च्या खतातला अमोनिया मुळं जाळतो, आणि साल्मोनेला मातीत महिनोन्‌महिने टिकू शकतो. पाणी घालताना चिखल उडून तो पानांवर बसतो. कच्चं खत आणि काढणी यांत, मातीला लागणाऱ्या भाज्यांसाठी 120 दिवस आणि उंचावर येणाऱ्या फळांसाठी 90 दिवस अंतर ठेवण्याचा सेंद्रिय शेतीतला नियम आहे. मेथी महिन्याभरात निघते, तिथे हा नियम पाळताच येत नाही.

कुजवून घ्यायचं तर एक भाग गादीला दोन-तीन भाग सुका पाला, ओलावा पिळलेल्या फडक्याइतका, आणि ढीग किमान तीन फूट लांब, रुंद, उंच. त्याहून लहान ढिगाची ऊब बाहेर निघून जाते आणि आत 55 अंश येतच नाहीत. गच्चीवरच्या ड्रममध्ये नेमकं हेच होतं : खत काळं, भुसभुशीत दिसतं, पण जिवाणू मारणारी उष्णता त्याने पाहिलेलीच नसते. म्हणून शेडवाल्यालाच सांगा की त्याच्या जागेवर मोठा ढीग लावून, पंधरा दिवस 55 अंशांवर ठेवून, त्या काळात पाच वेळा उलटून, पुढे दोन-तीन महिने मुरवून मगच पोती भरून द्यावीत. मुरलेल्या खताला अमोनियाचा वास येत नाही आणि पोत्यात हात घातला तर ते गरम लागत नाही. या दोन्ही गोष्टी पोतं उतरवून घेण्याआधी खाली गेटपाशीच तपासा. कुंडीत मातीच्या दहाव्या भागापेक्षा जास्त घालू नका, क्षार साठतात आणि पानांच्या कडा करपतात. भाजी काढल्यावर वाहत्या पाण्यात धुवा, आणि खत हाताळल्यावर हात साबणाने.